वाचक विचारतात : गाण्यावर लिहायचंय, सुरुवात कुठून करू?

संगीतावर लिहिण्याबद्दल आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पेटीच्या परीक्षा मध्यमा प्रथमपर्यंत दिल्या आहेत, पण मी गात नाही. संगीत पत्रकार व्हायचं तर आधी विशारद व्हावं की पत्रकारितेची पदविका घ्यावी? (नाशिक)

दोन्हींपैकी एकही अट नाही. वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते, आणि घराण्यांच्या गायकीची त्यांनी केलेली चिकित्सा आजही आधाराला घेतली जाते. तेव्हा बी.कॉम.ची अडचण मानू नका. मात्र ते गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे रीतसर शिकलेही होते, हे विसरू नका.

पदविकेत बातमीची मांडणी, संपादन, कायदा आणि मुदतीत लिहिण्याची सवय मिळते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, इतर विद्यापीठांतही असे विभाग आहेत. जमत असेल तर जरूर करा. पण भूप आणि देसकार वेगळे ओळखायला तिथे कुणी शिकवणार नाही. विशारदच्या अभ्यासात रागांची शास्त्रोक्त माहिती पक्की होते, तरी परीक्षेतला दहा मिनिटांचा राग आणि मैफलीतला पाऊण तासाचा राग यांत बराच फरक असतो. तुमच्या बाबतीत पेटी ही मोठी जमेची बाजू आहे, कारण ऐकलेला स्वर तुम्हाला लगेच पट्टीवर शोधता येतो.

आता कानाची तयारी. पन्नास रागांची यादी पाठ करण्यापेक्षा एकमेकांत मिसळणाऱ्या रागांच्या जोड्या घ्या. भूप आणि देसकार या दोन्हींत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपात गंधारावर थांबणं जास्त, चलन खालच्या अंगाचं, वेळ संध्याकाळनंतरची. देसकारात धैवत बोलका, चलन वरच्या अंगाचं, वेळ सकाळची. मग मारवा, पूरिया आणि सोहनी हे त्रिकूट घ्या. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य, तिन्हींचे स्वर तेच. मारव्यात रिषभ आणि धैवत षड्जाला झुलवत ठेवतात, पूरिया मंद्रात (खालच्या सप्तकात) रमतो आणि गंधार-निषादावर टेकतो, सोहनी तार (वरच्या) षड्जाभोवती फिरते. तिसरी जोडी दरबारी आणि अडाणा. एका रागाला पंधरा दिवस द्या, तीन वेगवेगळ्या गायकांची ध्वनिमुद्रणं ऐका आणि प्रत्येक वेळी एवढंच लिहा : गायक कुठल्या स्वरावर थांबला, किती वेळा थांबला. या पद्धतीने वर्षात वीस-बावीस राग होतात. सुरुवातीला तेवढे पुष्कळ झाले.

तालासाठी हातावर मात्रा मोजायची लाज बाळगू नका. त्रिताल १६ मात्रांचा आणि काल (म्हणजे खाली, टाळी न देण्याची जागा) नवव्या मात्रेवर, एकताल १२, झपताल १० (२-३-२-३), रूपक ७. रूपकाची समच, म्हणजे पहिली मात्राच, कालाची असते, त्यामुळे नवशिक्याची सम इथे हमखास चुकते. विलंबित एकताल ओळखायचा तर घड्याळ लावा. बारा मात्रांचं एक आवर्तन कधी पाऊण मिनिटाचं, कधी मिनिटभराचंही असतं, आणि एवढ्या वेळात मोजणी सुटते. तेव्हा मात्रा मोजण्यापेक्षा ठेक्यातल्या ‘तिरकिट’वर कान ठेवा. एका आवर्तनात ते दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर.

प्रश्न : स्थानिक दैनिकाने एका मैफलीचं परीक्षण लिहायला सांगितलं आहे. ३५० शब्द, रात्रीच द्यायचे आहेत. कार्यक्रमात टिपणं कशी काढावीत? (पुणे)

छोटी, शिवलेली वही आणि पेन्सिल. अंधारात बॉलपेन अडकलेलं कळत नाही, आणि मोबाइलच्या उजेडाने शेजारच्यांना त्रास होतो. पानाच्या डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला काय घडलं ते. उदाहरणार्थ : ‘६.४२ पूरिया, विलं. एकताल, पट्टी काळी ५. ६.५५ अजून मंद्र नि–ग. ७.०४ पहिल्यांदा तार सा. ७.१८ द्रुत त्रिताल.’ विशेषणं टिपू नका. ‘सुंदर’ असं लिहिलेलं टिपण रात्री अकरा वाजता काहीच सांगत नाही. ‘७.०४’ मात्र सांगतं, की गायिकेने तब्बल बावीस मिनिटं वरचा षड्ज राखून ठेवला. परीक्षणाचा मुद्दा तिथेच सापडतो.

जायच्या आधी आयोजकांकडून कलाकारांची पूर्ण यादी घ्या : तबला, पेटी, तानपुऱ्यावरचे दोघे, मागे गाणारे शिष्य. ऱ्हस्व-दीर्घासकट नावं लिहून घ्या. छापलेल्या परीक्षणातली सर्वांत जास्त दुखावणारी चूक रागाच्या नावाची नसते, साथीदाराच्या नावाची असते.

रागाचं नाव मात्र अंदाजाने लिहायचं नाही. निवेदक सांगतात तेही कधी कधी कार्यक्रमपत्रिकेवरून वाचलेलं असतं आणि ऐन वेळी राग बदललेला असतो. जोडराग किंवा कानड्याचा प्रकार असेल तर मध्यंतरात पेटीवाल्यांना विचारा. त्यांना नक्की माहीत असतं आणि ते आनंदाने सांगतात. तोही मार्ग नसेल तर ‘कानड्याचा एक प्रकार’ असं लिहा. त्यात कमीपणा नाही. चुकीचं नाव छापून आलं की मात्र त्याच गावातले चाळीस जाणकार वर्षभर तुमचं लेखन त्या एका शब्दावरून मोजतात.

३५० शब्दांचा हिशेब असा करा. पहिल्या साठांत कोण, कुठे, काय गायलं. मधल्या दोनशेंत एकच मुद्दा, पण पुराव्यासह. उरलेल्यांत साथ, दुसरा राग आणि सभागृहाची ध्वनिव्यवस्था. तबला पेटीला झाकत असेल तर तो तबलावादकाचा दोष आहे की मिक्सरवरच्या माणसाचा, हे ओळखायला जागा बदलून दोन मिनिटं मागे उभं राहून ऐका. पहिल्या रांगेत कलाकारांचे मॉनिटर आणि बाजूचे स्पीकर यांचा वेगळाच मिलाफ ऐकू येतो, म्हणून समीक्षकाने शक्यतो सातव्या-आठव्या रांगेत मधोमध बसावं.

हे शब्दप्रयोग आले की खोडा : ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’, ‘स्वरांची बरसात’, ‘मैफल उत्तरोत्तर रंगत गेली’, ‘समर्पक साथ लाभली’, ‘टाळ्यांच्या कडकडाटात’. कुठल्याही मैफलीच्या परीक्षणात ते जसेच्या तसे बसतात, हाच त्यांचा दोष. ‘समर्पक साथ’च्या जागी लिहा : ‘गायिका आलापात असताना तबल्याने मधले जादा बोल टाळून ठेका स्वच्छ ठेवला, आणि त्यामुळे समेवर येण्याची ओढ ऐकू आली.’ शब्द जास्त लागतात, पण वाचणाऱ्याला काहीतरी मिळतं.

रात्री दहाचा हिशेबही डोक्यात ठेवा. उघड्यावरच्या कार्यक्रमात दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. राज्य सरकारने सवलत दिलेल्या दिवसांपुरती ही मर्यादा बारापर्यंत जाते. शेवटचा कलाकार घाईने आटोपत असेल तर त्यामागे हे कारण असू शकतं, आणि ते परीक्षणात नोंदवणं हा त्या कलाकाराला न्याय आहे.

प्रश्न : गाणं खरोखरच पडलं तर तसं लिहावं का? मोठं नाव असेल तर? (सोलापूर)

लिहावं. मात्र पुरावा द्यावा. ‘आवाज थकलेला वाटला’ यात मत आहे, माहिती नाही. ‘तार सप्तकातल्या पंचमावर दोनदा आवाज फाटला, त्यानंतर गायकांनी ताना मध्य सप्तकातच ठेवल्या’ हे सभागृहात असलेल्या कुणालाही पडताळता येतं. कलाकाराचं वय, आजार, घरगुती बाबी यांवर तर्क करू नका.

कायद्याची भीती बऱ्याच जणांना वाटते. बदनामीच्या कलमाला जे अपवाद आहेत, त्यांतला एक थेट याच कामाचा आहे : लोकांसमोर सादर केलेल्या कलेच्या गुणवत्तेवर सद्भावनेने मांडलेलं मत बदनामी ठरत नाही. रंगमंचावर उभा राहिलेला गायक आपलं गाणं लोकांच्या निवाड्यासाठी ठेवतो, असं जुन्या दंड संहितेत उदाहरणच दिलं होतं. आताच्या भारतीय न्याय संहितेतही (कलम ३५६) तो अपवाद कायम आहे. ही सवलत गाण्यावरच्या मताला आहे. ‘यांनी मानधन बुडवलं’ असं लिहिलंत तर ते विधान सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची.

प्रश्न : आमच्याकडे मोठ्या मैफली वर्षातून दोन-चार. लिहायला विषय कुठून आणू? (मिरज)

मिरजेहून हा प्रश्न यावा याची थोडी गंमत वाटली. सतारी आणि तानपुरे बनवणाऱ्यांची अख्खी गल्ली तुमच्या गावात आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाची बातमी सगळ्यांनी दिली. पुढचं काम तुमच्यासाठी शिल्लक आहे. मानांकनाचं चिन्ह लावायला कारागिराला नोंदणी करावी लागते. ती किती जणांनी केली, का केली नाही? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणाऱ्या भोपळ्याचा भाव काय, चांगल्या घेराचे भोपळे कमी झालेत का? जवारी काढणारे (घोडी घासून तारेला गुंजन देणारे) हात किती उरले आणि त्यांच्याकडे शिकायला कोण बसतं? इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मोबाइलवरचं ॲप आल्यावर नव्या वाद्यांची मागणी घटली की दुरुस्तीचं काम घटलं? दुकानातल्या मालकाशी बोला, पण तेवढ्यावर थांबू नका. भोपळा कापणारा, नक्षी करणारा आणि तारा चढवणारा बहुतेक वेळा वेगवेगळा असतो.

हे काम एका फेरीत होत नाही. पहिल्या भेटीत फक्त पाहा आणि शब्द गोळा करा. वाद्याच्या भागांसाठी घोडी, तारगहन, मणका, ब्रिज यांतला कुठला शब्द कोण वापरतो हे टिपा. दुसऱ्या भेटीत आकडे विचारा, आणि तो आकडा दुसऱ्या दुकानातून पडताळून घ्या. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मिरजेच्या दर्ग्यात होणारी गायक-वादकांची हजेरीही दरवर्षी ‘संपन्न’ झाल्याचीच बातमी होते. तिथे कोण कुठून स्वखर्चाने येतं, क्रम कोण ठरवतं, नव्या मुलांना वेळ कसा मिळतो, यावर लिहा.

प्रश्न : एका ज्येष्ठ गायिकेची मुलाखत मिळाली आहे, एक तासाची. तयारी काय करू? त्या ‘छापण्याआधी दाखवा’ म्हणाल्या आहेत. (नागपूर)

आधी तांत्रिक भाग उरकू. मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर फोन आला की ध्वनिमुद्रण थांबतं आणि ते तुम्हाला घरी गेल्यावर कळतं. मोबाइल त्यांच्यापासून हात-दीड हात अंतरावर, टेबलावर रुमाल घालून त्यावर ठेवा. उघड्या लाकडावर कपबशीचा प्रत्येक आवाज बंदुकीसारखा येतो. पंखा शक्यतो बंद किंवा मंद. फाइल डब्ल्यूएव्ही, मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ ठेवलीत तर मिनिटाला साधारण पाच एमबी, तासाला तीनशेच्या आसपास. तेवढी जागा आधी रिकामी करा. दुसरं कुठलंही उपकरण सोबत चालू ठेवा. तासाभराच्या मुलाखतीचा मजकूर हाताने उतरवायला चार-पाच तास धरा. आपोआप मजकूर उतरवणारी साधनं राग, बंदिशी आणि गुरूंची नावं सर्रास चुकवतात.

प्रश्न बारा काढा, विचारायचे सहा-सात. ‘गाण्याची आवड कशी लागली?’ हा प्रश्न त्यांना शंभरदा विचारला गेलाय आणि त्याचं उत्तर तयार आहे. त्याऐवजी : गुरूंकडे पहिल्या वर्षी नेमकं काय गाऊन घेतलं? एकाच षड्जावर किती महिने? ही बंदिश कुणाकडून मिळाली, ती तशीच गाता की काही बदललं? आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीत काय गायलं होतं? अमुक ध्वनिमुद्रणात तुमचा कोमल धैवत नेहमीपेक्षा उतरलेला ऐकू येतो, तो तालमीतला की तुमचा? असा एक प्रश्न विचारलात की समोरच्या व्यक्तीला कळतं की तुम्ही ऐकून आला आहात, आणि बोलण्याचा नूरच बदलतो. त्यांनी गाऊन दाखवलं तर मध्ये ‘वा’ म्हणू नका, ध्वनिमुद्रणात तेवढंच मोठ्याने येतं.

संबोधन आधी विचारून ठेवा. ताई, बाई, की नावापुढे ‘जी’. छापताना ‘विदुषी’ लावायचं की नाही हे अंकाच्या शैलीवर सोडा, पण एका लेखात एकाला ‘पंडित’ आणि दुसऱ्याला नुसतं आडनाव असं करू नका.

दाखवण्याबद्दल : संपूर्ण लेख देऊ नका. दिलात तर गुरुभगिनींबद्दलचं, आयोजकांबद्दलचं, म्हणजे जे जिवंत आहे ते सगळं गळून परत येतं. मात्र तपशील अवश्य पडताळून घ्या : वर्षं, नावं, बंदिशीचे शब्द, गुरुपरंपरेचा क्रम. हे फोनवर वाचून दाखवा आणि हा फरक मुलाखतीच्या आधीच स्पष्ट सांगा. नंतर सांगितलं की मनं दुखावतात. एखादं वाक्य ‘हे छापू नका’ म्हणून सांगितलं असेल तर ते छापायचं नाही. तेवढा शब्द पाळावाच लागतो.

प्रश्न : यावर पोट भरतं का? लेख कुणाला, कसा पाठवायचा? आयोजक प्रवासखर्च देतात तो घ्यावा का? (ठाणे)

सुरुवातीची दोन-तीन वर्षं फक्त संगीतावरच्या लेखनावर घर चालणं अवघड आहे. बहुतेक जण दैनिकात सर्वसाधारण सांस्कृतिक बातमीदारी, भाषांतर, संपादन, सूत्रसंचालन किंवा शिकवणं यांपैकी काहीतरी सोबत करतात. नोकरी सोडून या क्षेत्रात उतरू नका.

संपादकांना तयार लेख न पाठवता आधी १५० शब्दांचा प्रस्ताव पाठवा : विषय काय, आत्ताच का, कुणाशी बोलणार, किती शब्द, कधी देणार. सोबत तुमचे दोन छापील लेख. नसतील तर दोन नमुना परीक्षणं. मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फाँटमधून रूपांतर करताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात आणि वैतागलेला उपसंपादक पुढच्या वेळी तुमचा मेल उघडत नाही. महोत्सवाशी जोडलेला लेख असेल तर तीन-चार आठवडे आधी कळवा. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो, त्यासाठीचा प्रस्ताव नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलेला बरा. दिवाळी अंकांची जमवाजमव पावसाळ्यातच सुरू होते. ऑक्टोबरमध्ये विचारलंत तर पुढच्या वर्षीचं उत्तर मिळेल.

मानधन किती आणि कधी, हे लिहायच्या आधी मेलवर विचारा. लेख आल्यावर बिल पाठवा : नाव, पत्ता, पॅन, लेखाचं शीर्षक, प्रसिद्धीची तारीख, रक्कम, बँक खातं. एका संस्थेकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ठरावीक मर्यादेपुढे गेली तर ती साधारण १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापते. उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून ते पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र न भरल्यामुळे अनेकांचे तिथेच राहतात.

प्रवेशिका घ्यायला हरकत नाही, ती कामाची गरज आहे. प्रवास आणि मुक्काम शक्यतो अंकाने करावा. आयोजकांनी केला तर लेखाच्या शेवटी एका ओळीत तसं छापा. एक गोष्ट मात्र पूर्ण टाळा : ज्या महोत्सवाच्या स्मरणिकेचं किंवा प्रसिद्धीचं काम पैसे घेऊन केलंत, त्याचं परीक्षण लिहायचं नाही. मराठी संगीतविश्व लहान आहे, हे दोन्ही करणारे सगळ्यांना माहीत असतात.

प्रश्न : मला शास्त्रीय नाही, मराठी रॅप आणि स्वतंत्र गाण्यांवर लिहायचंय. परीक्षणात मैफलीची क्लिप किंवा गाण्याचे शब्द वापरले तर चालतं का? (मुंबई आणि मडगाव, दोन पत्रं)

पद्धत तीच, स्वराच्या जागी वेगळे तपशील. श्रेयनामावली पूर्ण मिळवा : शब्द, चाल, बीट, मिक्सिंग, मास्टरिंग. बीट (गाण्याखालचं तालसंगीत) भाड्याने घेतलेला आहे की पूर्ण विकत, हे विचारा. भाड्याचा बीट दुसऱ्या कुणाच्याही गाण्यात निघू शकतो, आणि मग वाद होतो. तीच तुमची बातमी. हक्कांचं गणितही समजून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपल्या वाट्याचं स्वामित्वधन कंपनीला कायमचं लिहून देता येत नाही. त्यांच्या वतीने आयपीआरएस ही संस्था वसुली करते, तर ध्वनिमुद्रणाच्या मालकांचं काम पीपीएल ही संस्था पाहते. नव्या मुलांपैकी कितींनी आयपीआरएसची नोंदणी केली आहे, एवढंच दहा जणांना विचारलंत तरी लेखाचा सांगाडा उभा राहतो.

समीक्षेसाठी गाण्याच्या एक-दोन ओळी उद्धृत करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ मुभा देतं. अख्खं गाणं छापणं त्यात बसत नाही. मैफलीच्या क्लिपचं वेगळं आहे. सादरीकरणावर कलाकाराचा स्वतंत्र हक्क असतो (कलम ३८), त्यामुळे ध्वनिमुद्रण करून कुठेही टाकण्याआधी कलाकाराची लेखी परवानगी घ्या, मेसेजवरचा होकारही जपून ठेवा. आयोजकांची परवानगी म्हणजे कलाकाराची परवानगी नव्हे.

मडगावच्या वाचकासाठी थोडं अधिक. तियात्रावर (गोव्यातल्या कोकणी संगीतनाट्यावर) लिहिताना गाण्यांचे दोन प्रकार वेगळे ठेवा : कथेतून येणारी आणि दोन पडद्यांच्या मध्ये येणारी स्वतंत्र कांतारां (गाणी). राजकारण्यांवरचे चिमटे बहुधा दुसऱ्या प्रकारात असतात आणि ते प्रयोगागणिक बदलतात. म्हणून कुठल्या तारखेचा, कुठल्या गावातला प्रयोग पाहिलात हे परीक्षणात लिहायलाच हवं.